पूजेला ठेवलेले पॉइंट शूज

दसऱ्याच्या सकाळी मी मुलीचे बॅले नाचायचे नवे पॉइंट शूज पूजेला ठेवले. शेजारी बायकोचा लॅपटॉप आणि माझा पान्यांचा डबा.

"अरे, पायताण देवापुढे?" बायको म्हणाली.

"पायताण नाही, हत्यार आहे तिचं."

खरं तर मलाच त्या हत्याराच्या जवळ जायचं होतं. इथे परदेशात आल्यापासून पेनरोजच्या गोदामात शनिवारच्या पाळ्या घेत राहिलो आणि तिचा एकही कार्यक्रम पाहिला नाही. आता ती फेब्रुवारीत मेलबर्नला शिकायला जाणार. उशिरा जाग आली, तेव्हा तिच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मी बॅलेचा इतिहास वाचू लागलो. मनुरेवाच्या घरून तिला क्लासला सोडताना गाडीत सांगायचो. इटलीतल्या दरबारी मेजवान्यांत हे सुरू झालं, तिथून फ्रान्सला गेलं. तिथला एक राजा स्वतः नाचायचा. त्याच्या काळात पावलं कशी ठेवायची याचे नियम ठरले. बायका आधी टाचांचे बूट आणि पायघोळ झगे घालून नाचत. मग टाचा गेल्या, झगे आखूड झाले, आणि हवेत तरंगणाऱ्या पऱ्यांसारखं दिसावं म्हणून त्या पायाच्या बोटांवर उभ्या राहिल्या. पुढे रशियात...

"आय नो, बाबा," म्हणत ती कानात इयरबड घालायची.

तर पूजा झाली. गुलाबी सॅटिनवर हळदीकुंकवाचे ठसठशीत डाग पडले, आणि दुपारी तासाभराच्या वाटेवरच्या हॅमिल्टनला तिचा कार्यक्रम. ती अंघोळीला गेली होती. सांगायचं सोडून मी शूज नळाखाली धरले आणि घासले. डाग पसरले, आणि कडक टोकं मऊ पडली. ती टोकं कापड आणि खळीचे थर देऊन बनवतात. हे मी वाचलं होतं, तिला ऐकवलंही होतं.

तिने टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. ते आत गेलं.

"दे आर डेड, बाबा."

"ड्रायरने वाळवू?"

तिने नकारार्थी मान हलवली. बॅगेतून जुनी, दमलेली जोडी काढली आणि गाडीत जाऊन बसली. मी पहिल्यांदाच बघायला निघालो होतो, आणि तोच कार्यक्रम माझ्या हातून बिघडला होता. वाटेतल्या बॉम्बे हिल्सच्या टेकड्या मागे पडल्या तरी मी समोरच्या रस्त्याकडेच बघत गाडी हाकत होतो.

"सो, तो किंग," एका कानातला इयरबड काढत तीच म्हणाली. "वॉज ही एनी गुड?"

"चांगला नाचायचा म्हणतात."

"यू डोंट नो?"

"त्याचाही कार्यक्रम चुकला माझा."

ती हसली. मग तिने दुसऱ्या कानातलाही इयरबड काढला.

रंगमंचावर एका जागी ती बोटांवर उभी राहिली आणि ठरल्यापेक्षा लवकर खाली आली. शेजारच्यांना कळलं नसावं. मला कळलं, कारण ती घरी सराव करायची तेव्हा दाराआडून मी ती जागा पाहिली होती. शेवटी तिने गुडघा वाकवून सगळ्यांना वंदन केलं. तेही दरबारातूनच आलेलं. माझे हात आपोआप जुळले.

परतताना ती पाय सीटवर घेऊन बोटं चोळत होती.

"बाबा, नेक्स्ट दसऱ्याला ओल्ड पेअर ठेव हं. अँड नो हळद."

पुढच्या दसऱ्याला ती नसेल, घरात जुनीच जोडी असेल, हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. मी "बरं" म्हणालो आणि गाडी थोडी सावकाश चालवू लागलो.