गोपिकेचा आराम

"डॉक्टरनं तोंड बंद ठेवाले सांगतलं, हात नाई," कांताबाई म्हणाल्या आणि कणकेची परात त्यांनी सुनेपुढे सरकवली.

"माय, तिचा गाल तं पाय," आनंदराव म्हणाला. बायकोची बाजू घेऊन तो आईशी भांडत होता, पण नजर गालावर नव्हती, परातीवर होती. "ती मळून देईन. पोळ्या तू कर."

"मी? या गुडघ्यानं? मंग तूच कर ना गा."

आनंदरावाला एकाएकी बाहेरचं काम आठवलं. गोपिका दातांत कापूस धरून बसली होती. भांडण तिच्यावरून होतं आणि बोलायची मनाई तिला एकटीलाच होती. घरात कुणाचं तिच्या बोलण्यावाचून अडत नव्हतं. तिनं कणीक मळली.

त्याच सकाळी दवाखान्यात तिची खालची दाढ काढली होती. मूळ आत तुटलं, खोदून काढावं लागलं. आणि विजयादशमी तोंडावर आली होती. नागपुरात इंदोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर वर्षी मौद्याकडचे पाहुणे उतरत. पांढरे कपडे घालून सगळे दीक्षाभूमीवर जात. गोपिका मागे राही, कारण परतल्यावर माणसांना भूक लागलेली असे.

छप्पन साली धम्मदीक्षेच्या मैदानावर बापानं तिच्या भावाला खांद्यावर बसवून नेलं होतं आणि हिला म्हशीपाशी ठेवलं होतं. नागपूरचं स्थळ आलं तेव्हा तिला वाटलं, आता मैदान पायी जाण्याइतकं जवळ आलं. जवळ होतंच. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्या दिवशी ती चुलीपुढून उठली नव्हती. यंदा मात्र आनंदरावानं गल्लीतल्या सभेत समतेवर चांगलं अर्धा तास भाषण केलं, आणि टाळ्यांच्या भरात घरी येऊन म्हणाला, "या वर्षी तूही चाल." तेवढ्यावर तिनं साडी धुऊन ठेवली.

दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी गाल आणखी सुजला. कांताबाईंना सुनेची दया आली ती नेमकी तेव्हा. त्या दोन्ही वेळा गुडाखूनं दात घासत. तंबाखूचा तो काळा लगदा त्यांनी बोटावर घेतला आणि सरळ दाढेच्या खड्ड्यात कोंबला. "किडे मरते यानं," त्या म्हणाल्या. किड्यांचं माहीत नाही, कळ मात्र कानात शिरली, तिथून कपाळात. गोपिका मोरीत बसून मिठाच्या पाण्यानं चुळा भरत राहिली. आनंदरावानं दारातून विचारलं, "लय दुखून राहिलं का वं?" तिनं मान हलवली. "बरं, मंग चहा जरा उशिरानं कर."

त्याच दुपारी नत्थूजी आले, आनंदरावाचे मोठे चुलतभाऊ, बायको आणि आठ माणसं घेऊन. गाल पाहून ते हळहळले.

"एवढी सूज घेऊन गर्दीत नाई जाव, बाई. धक्का लागन. घरीच आराम करा."

"मी बी तेच म्हनून राहिलो," आनंदराव म्हणाला. कधी म्हटलं होतं, ते त्यालाच माहीत.

"आन् आम्ही येतपावतर आलू-वांग्याची भाजी टाकून ठेवा. लय तिखट नका करू, तुमचं तोंड दुखून राहिलं," नत्थूजींनी काळजीनं सांगितलं.

मिठाच्या पाण्यानं गुण आला. विजयादशमीच्या आदल्या दिवशी सूज उतरली, दुसऱ्या बाजूनं भात चावता येऊ लागला. पाण्याचा घोट गेला की खड्डा ठणके, तेवढंच. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

संध्याकाळी सगळी जेवायला बसली. उद्या किती वाजता निघायचं यावर नत्थूजींचं आणि आनंदरावाचं एकमत होईना. कांताबाईंनी मधेच सुनेला सांगितलं, उद्यासाठी डाळ आताच भिजत घाल.

गोपिकेनं नत्थूजींच्या ताटात भात वाढला, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"डाळ भिजणार नाई," ती म्हणाली. "उद्या मी बी येऊन राहिली. घराले कुलूप लागन आन् चूल पेटणार नाई. ज्याले उद्या भूक लागन, त्यानं आताच पोटभर जेवून घ्याव."