लवंगेच्या वासाची मोसंबी

डॉ. वसुंधराबाई राव यांना मी प्रथम भेटले ती चेन्नईतल्या प्रयोगशाळेत, नोकरीच्या मुलाखतीसाठी. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. इंग्रजीत उत्तर देताना अडखळले. बाईंनी माझे आडनाव पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, "तंजावरकडची ना तू? मग घरच्या मराठीत सांग." मी सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

काढणीनंतर मोसंबीला हिरवी बुरशी लागते. रासायनिक औषधांऐवजी लवंग-दालचिनीच्या तेलाने ती रोखता येईल का, हे बाईंचे आयुष्यभराचे काम. प्रयोगशाळेत ते जमले. गोदामात मात्र दमट हवा, मध्येच जाणारी वीज, आणि सडकी फळे वेचून थकलेलो आम्ही.

अखेर एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात लवंगतेल लावलेला माल टिकला. एकही हिरवा ठिपका नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली तरच माझी नोकरी राहणार होती. तेवढ्यात व्यापारी रसाचा पेला घेऊन आले. मोसंबीला इकडे सात्तुकुडी म्हणतात.

"अम्मा, हा सात्तुकुडीचा रस की दातांची पेस्ट? रसवाले माल परत पाठवताहेत!"

बाईंनी पेला संपवला आणि हसल्या. "खरे आहे. आता चूळ भरावीशी वाटते."

मी भीत भीत म्हटले, "बाई, आपल्याला फक्त कुजण्याचे विचारले आहे. अहवालात वासाचा रकानाच नाही."

"मग खाली एक ओळ वाढव गं. या फळाचा रस लोक पिणार नाहीत, असे लिही."

मी लिहिले. मुदतवाढ मिळाली नाही.

त्यानंतर दुखरे गुडघे घेऊन बाई माझ्यासाठी अंबत्तूर उपनगरातल्या कारखान्यांत फिरल्या. एका ठिकाणी मला फळांचा रस तपासण्याचे काम मिळाले. आभार मानू लागले की त्या विषय बदलतात, म्हणून ते या गौरवग्रंथात मानते.

या वर्षी साठी पूर्ण करून बाई निवृत्त होत आहेत. बुरशी थांबेल पण वास राहणार नाही, असे तेलाचे प्रमाण अजून सापडलेले नाही. गौरवग्रंथात हे लिहू का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही ना. ते गाळून शाल घेतली तर मला झोप लागेल का?"

बाईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यातली काही वर्षे तरी त्यांना कुणालाही अहवाल द्यावा न लागो.