नव्वद किलोंचा माणूस, पंच्याण्णव लिटरचा बोर्ड

माझा नवरा बँकेत अधिकारी. आमची बदली गोव्याला होती तेव्हा त्याने तिथे दोन गोष्टी कमावल्या: नव्वद किलो वजन आणि विंडसर्फिंगचा नाद. वजन सोबत आणणं सोपं होतं. पण २००७च्या सुमारास आम्ही परत गोंदियाला आलो तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये फ्रिज आणि कपाट यांच्यामध्ये एक भलामोठा बोर्डही आडवा झाला होता, आणि फ्रिजला पोचा आला तरी चालेल पण बोर्डाला ओरखडा नको, अशी हमालांना सक्त ताकीद होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक लांब, जाड, पोकळ फळी. तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि शिडाला धरून मागे रेललेला एक माणूस. वारा आपल्या ताब्यात आहे असं त्याला वाटत असतं.

गोंदियालगतच्या फुलचूरच्या आमच्या घरात हा बोर्ड फक्त हॉलमध्ये मावत होता, तोही कोपऱ्यातून कोपऱ्यात. शेजारच्या भाभी पहिल्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "इतना बड़ा प्रेस का टेबल? साड़ी पूरी खुल जाती होगी!" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर आणखी अर्धा तास समजावत बसावं लागलं असतं.

समुद्र नाही म्हणून नाद सुटेल, अशी माझी भाबडी आशा होती. पण बोदलकसाचा तलाव निघाला. दर रविवारी जीपच्या टपावर बोर्ड बांधायचा, तिरोड्याच्या बाजूला जायचं, आणि मी काठावर सतरंजी पसरून डबे राखत बसायचं. असे बरेच रविवार गेल्यावर मी म्हटलं, मीही शिकते. नवऱ्याला फार आनंद झाला, कारण त्याला शिष्य हवाच होता. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडायचा, "वाक! वाकू नकोस! सोड! सोडलं कशाला?" अशा सुस्पष्ट सूचनांवर मी शिकले. गोव्याच्या जोरदार वाऱ्यासाठी घेतलेलं पाच चौरस मीटरचं एक लहान शीड पडून होतं, ते मला मिळालं. साडेसातचं मोठं शीड अर्थातच गुरुजींचं. बोर्ड एकच, म्हणून आम्ही आळीपाळीने जायचो.

वर्षभराने नवऱ्याला साक्षात्कार झाला. इंटरनेटवर त्याने वाचलं की खेळ जसजसा सुधारतो तसतसा बोर्ड लहान होत जातो. आपल्याकडे प्रगतिशील शेतकरी असतात ना, तसा हा प्रगतिशील खलाशी. त्याच पानावर पुढे वजन, वारा, शीड आणि फिन यांचा मेळ कसा घालायचा तेही सविस्तर दिलेलं होतं. पण खालपर्यंत वाचणं हे नवशिक्यांचं काम.

गोव्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून ट्रान्सपोर्टने लहान बोर्ड आला. पंच्याण्णव लिटरचा. खरंच देखणा होता. हॉलमध्ये त्याला मोठ्याच्या शेजारी ठेवला तेव्हा मी साधं विचारलं,

"अहो, पंच्याण्णव लिटर म्हणजे साधारण पंच्याण्णव किलो तरंगवणार ना?"

"बरोबर."

"आणि तुम्ही नव्वद."

"मग? पाच किलो शिल्लकच आहेत."

"बोर्डाचं स्वतःचं वजन? डोलकाठी, शीड, लाइफ जॅकेट?"

"ते वारा उचलतो गं."

"आणि वारा पडला तर?"

"तू मराठी शिकवतेस कॉलेजात," तो प्रेमाने म्हणाला, "तेच शिकव."

मी तेच शिकवत राहिले.

नव्या बोर्डाचा मुहूर्त आषाढात लागला. पावसाने दडी मारली होती, पण वारा मस्त सुटला होता. बांधाखालच्या धानाच्या बांध्यांत बायका रोवणी करत होत्या आणि आमच्या जीपवर दोन-दोन फळ्या पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नवऱ्याने लहान बोर्डावर आपलं तेच साडेसातचं अवाढव्य शीड चढवलं. मला मोठा बोर्ड मिळाला आणि त्यावर माझं पाचचं शीड. त्या एवढ्या फळीवर ते म्हणजे म्हशीच्या पाठीवर बगळा बसल्यासारखं दिसत होतं.

आता फिनचंही सांगायला हवं. बोर्डाच्या मागच्या टोकाखाली माशाच्या परासारखं एक पातं पाण्यात उतरलेलं असतं, ती फिन. ती नसली तर बोर्ड पुढे जायचं सोडून आडवा घसरतो. मोठ्या बोर्डाची फिन हातभर, मोठ्या शिडाचा ओढा पेलणारी. लहानाची जेमतेम वीतभर. म्हणजे नवऱ्याकडे डोंगराएवढं शीड आणि वीतभर फिन, आणि माझ्याकडे इवलं शीड, हातभर फिन. असा सगळा मेळ जमवून आम्ही पाण्यात उतरलो.

निघाला मात्र तो झोकात. दोन मिनिटं असा गेला की मला वाटलं, चुकलंच आपलं. मग जोराचा झोत आला, शिडाने बोर्डाला ओढलं, वीतभर फिनची पकड सुटली आणि बोर्डाचं शेपूट केळ्याच्या सालीवरून घसरावं तसं बाजूला निघून गेलं. नवरा उजवीकडे, शीड डावीकडे. तो उठला, पुन्हा निघाला, पुन्हा तेच. माझं वेगळंच चाललं होतं. हळू वाऱ्यात माझी म्हैस जागची हलत नव्हती. आणि झोत आला की ती हातभर फिन खालून बोर्डाची एक कड उचलून धरायची. ती दाबून ठेवायला माझं बावन्न किलो वजन पुरत नव्हतं. मी उताणी पाण्यात. तरीही पडत-झडत आम्ही दोघं तलावाच्या पार मध्यावर पोचलो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आणि तिथे वारा पडला.

मी बोर्डावर आरामात उभी राहिले. त्यावर आणखी दोघं बसले असते. नवऱ्याकडे पाहिलं तर तो हळूहळू आखूड होत होता. पावलं गेली, पोटऱ्या गेल्या, गुडघ्यांपाशी तो थांबला. बोर्ड दिसतच नव्हता. पाण्यातून एक माणूस उगवल्यासारखा शिडाला धरून ताठ उभा. पाच किलो शिल्लक असलेला.

जाळी पाहत एक काका डोंग्यातून चालले होते. त्यांनी वल्हं थांबवलं.

"काऊन जी सायेब, बुडून राहिले का?"

"नाही, नाही," नवरा म्हणाला. "वाऱ्याची वाट पाहतोय."

"त पाण्यात उभं राहून कायले पाहता जी? काठावर बसून पाहा ना."

नवऱ्याने त्यांना हसून हात केला. हात केल्यामुळे तोल गेला आणि उरलेला नवराही पाण्यात गेला. काकांनी मग दोन्ही फळ्या दोरीने एकमेकींना बांधून टाका, म्हणजे एक चांगला डोंगा होईल, असा सल्ला दिला आणि निघून गेले.

मी माझी म्हैस हाताने वल्हवत त्याच्यापाशी नेली. तो लहान बोर्डाला लटकून बसला होता. दमला होता, आणि चेहऱ्यावर आता थोडी भीतीही होती. काठ लांब होता. मला एकदम वाईट वाटलं. बायकोला जे म्हणायचं असतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण ते गिळून मी एवढंच म्हटलं, "अहो, बोर्ड बदलू या."

"बदलून काय होणार आहे?"

"शिडं आपापली. फक्त बोर्ड बदलायचे."

डोलकाठी खाली बोर्डात एका खिट्टीवर बसते. खिट्टी दाबली की सुटते. काठावर हे मिनिटाचं काम. खोल पाण्यात पाय मारत, दोन बोर्ड आणि दोन शिडं यांतलं काहीही हातचं न सोडता ते करणं, हा संसार म्हणजे काय हे नवविवाहितांना दाखवण्याचा उत्तम मार्ग आहे. "ते धर." "हे की ते?" "ते नाही, ते!" पुष्कळ वेळाने माझं लहान शीड लहान बोर्डावर बसलं आणि त्याचं मोठं शीड मोठ्यावर. फिनांना हात लावायची गरजच पडली नाही. त्या आधीपासूनच योग्य जागी होत्या. चुकीच्या जागी होतो ते आम्ही.

नवरा मोठ्या बोर्डावर चढला आणि पुन्हा पूर्ण उंचीचा झाला. मी लहान बोर्डावर चढले. तो थोडा डुगडुगला, पण बुडाला नाही. मग पश्चिमेकडून पाण्यावर काळपट लाटांची एक रेघ आली, शीड भरलं, आणि मला कळायच्या आत बोर्डाने पाणी सोडलं. म्हणजे तो पाण्यातून जायचा थांबून पाण्यावरून धावायला लागला. पायाखाली खडखड, कानात वारा, आणि हातात जेवढं पेलवेल तेवढंच शीड. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण रोवणीच्या बायकांनी उत्तर दिलं एवढं ऐकू आलं. मागून नवराही येत होता, सरळ, जड, रुबाबात. त्याचं मोठं शीड आणि हातभर फिन आता त्याला नेमकी हवी तिथे नेत होती.

परतताना त्याने जीप तिरोड्याला थांबवली. तिथे चहा घेतल्यावर म्हणाला, "तुला जमेल हे मला माहीत होतं." घरी पोचलो तर भाभी फाटकापाशीच होत्या. त्यांना त्याने सांगितलं, "छोटावाला मैंने इनके लिए ही मँगवाया है." असं काही मँगवाया असल्याची मला तोवर कल्पना नव्हती. मी आभार मानले.

पण तो बोर्ड त्याच्या मनातून काही गेला नाही. बोर्ड वाढवता येत नाही, तर माणूस कमी करू, असं शास्त्र त्याने काढलं. भात बंद. गोंदियात राहून भात बंद! सगळीकडे राइस मिल, जेवायला बोलावणाऱ्या प्रत्येक घरी चिन्नोर तांदळाचा वास, आणि हा पानात काकडी घेऊन बसलेला. दिवाळीपर्यंत तीन किलो उतरले. दिवाळीत चार चढले. हिशेबाने बोर्डाची आणि त्याची आणखीनच फारकत झाली, आणि मग त्याने तो विषय शांतपणे सोडून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, गवत वर आलं, आणि हातभर फिनला शेवाळाच्या जटा लोंबायला लागल्या. तेव्हा एका रविवारी काठावर उकिडवा बसून, ती हातभर फिन आणि नवी मागवलेली एक आखूड फिन समोर ठेवून, त्याने मला पहिल्यांदाच विचारलं, "आज कोणती लावू?"

मी वाऱ्याकडे पाहिलं, त्याच्या शिडाकडे पाहिलं, त्याच्याकडेही पाहिलं. "मोठीच. शेवाळ मध्ये थांबून काढा."

त्याने मान डोलावली, बराच विचार केला आणि लहान लावली. मी माझं शीड उचललं आणि पाण्यात शिरले.