गोळ्या संपत आल्याचा मेसेज

मित्रांनो, धाराशिवमधल्या एका मेडिकलची वेबसाइट मी बनवलीय. तिच्यावरून नेहमीच्या गिऱ्हाइकांना 'तुमच्या गोळ्या संपत आल्या' असा मेसेज नावानिशी आपोआप जातो.

आज दुपारी मी तिथेच होतो, तेव्हा तेर गावाहून एक आजी नवऱ्याचा मोबाइल घेऊन दुकानात आल्या.

"आमचं मालक जाऊन महिना झाला, बाबा. गोळ्या हायत तशाच हायत. मग संपवतंय कोन?"

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागून यादीतून नाव काढायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे," आजी म्हणाल्या. "घरात आता त्यांचं नाव कुणी घेत न्हाय. ह्यो तरी घेतोय."

मी नाव ठेवलं. पुढच्या महिन्यात मेसेज पुन्हा जाईल. फरक एवढाच, की तो कुणाला जातोय हे आता मला माहीत असेल.

तुम्ही काय केलं असतं?