फ्लेक्सवरचे हात

शेजाऱ्यांची मुलगी पुण्यात डिझाइन शिकते. सुट्टीत गंगाखेडला आली की लॅपटॉप घेऊन माझ्या दोरखंडाच्या दुकानात बसते. काही विचारलं की उत्तराआधी एक डोळा मिटून माझ्याकडे बघते.

धाकट्या भावाने त्याच्या दुकानाच्या फ्लेक्सवर सगळ्या पाहुण्यांचे फोटो छापले, माझा तेवढा गाळला. म्हणून मी तिला सांगितलं, "माझ्या फ्लेक्सवर माझं तोंड लय मोठं टाक."

"काका, फोटोत बी तुमी वरडायलाव असंच वाटतंय."

घासाघीस करत मी अर्ध्या फ्लेक्सवरून पाव फ्लेक्सवर आलो. तिने छापून आणले फक्त दोराला गाठ मारणारे माझे हात. तो फ्लेक्स फाडायला मी उठलो, तेवढ्यात माझ्याशी न बोलणारा भाऊ रस्त्यात थांबला.

"आमच्या दादाचे हात हायत हे," तो तिला म्हणाला.

दोघांपैकी आधी कोणावर ओरडावं, तेच मला कळेना.