माझा डमी अर्ज

पक्षाने राज्यसभेची उमेदवारी आमच्या घाटंजीतल्याच एका बाईला दिली, हे मला टीव्हीवरून कळलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला सांगू? तिला पक्षात मीच आणलं होतं. शाळेतली नोकरी सोडून ती घरी बसली होती, तेव्हा महिला आघाडीच्या बैठकीला मीच तिला हाताला धरून नेलं. मी सतरंज्या उचलत राहिले आणि ती भाषणं करायला लागली. तिचं हिंदी गोड, माझं तोडकंमोडकं.

या निवडणुकीत बाजारातल्या माणसाचं मत लागतच नाही. दिल्लीत पक्षाचे पाचसात मोठे लोक बसून नाव ठरवतात, आमदार सूचक म्हणून सह्या करतात, आणि जागा तेवढेच उमेदवार असले तर आमदारांनाही मत द्यावं लागत नाही. आमच्या जिल्हाध्यक्षांनासुद्धा आधी पत्ता नव्हता. त्या पाचसात जणांना माझं नाव एकानेही सांगितलं नसेल का, यावर मी दिवसभर जळत होते.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पक्ष कार्यालयातून फोन आला. क्षणभर मला काय काय वाटून गेलं. पण त्यांना माझा डमी अर्ज हवा होता. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर पक्षाची जागा जाऊ नये, म्हणून आणखी एक अर्ज भरून ठेवतात. पक्षाच्या पत्रात पहिलं नाव तिचं, आणि ती बाद झाली तरच माझं. आघाडीतल्या बायका म्हणाल्या, हाही मानच आहे. मी हसून दाखवलं.

आमच्या दोघींची एक जुनी रीत होती. सदस्य नोंदणीच्या वेळी ती तांड्यावर, वस्तीवर फिरून बायकांच्या सह्या आणायची आणि बाकीचे रकाने कोरे ठेवायची. ते मी मतदार यादी समोर घेऊन भरायचे, कारण माझं अक्षर चांगलं. अशी कितीतरी वर्षं गेली.

मुंबईला तिने त्याच सवयीने आपलं शपथपत्र माझ्यासमोर ठेवलं. "तू पाहून घेजो वं," म्हणाली आणि फोटोवाल्यांकडे गेली. मी पाहिलं. गुन्ह्यांचा रकाना कोरा, वाहनांचा कोरा. तिच्यावर गुन्हा नाही, नावावर गाडी नाही, म्हणून तिने काहीच लिहिलं नव्हतं. पण तिथे 'निरंक' असं लिहावंच लागतं, कोऱ्या रकान्यापायी अर्ज जाऊ शकतो. माझ्या शपथपत्रात मी जिथे तिथे निरंक लिहिलं होतं. पेन हातातच होतं. मी कागद मिटले आणि ती आल्यावर बरोबर आहे म्हणून सांगितलं. तिने सही केली, नोटरीचा शिक्का बसला.

विधान भवनात अधिकाऱ्याने पान उलटताच ते पकडलं. छाननीच्या आत पूर्ण भरलेलं दुसरं शपथपत्र द्या, नाहीतर अर्ज नाकारावा लागेल, असं त्याने शांतपणे सांगितलं. पक्षाचे वकील नव्या कोऱ्या प्रतीसाठी धावले. मला लाज कमी नि आशा जास्त वाटत होती. वेळेत नाही जमलं तर, हाच विचार डोक्यातून जात नव्हता.

तिने माझी फाइल ओढली आणि दोघींची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवली.

"तुह्यावालं तं पुरं भरलेलं आहे," ती म्हणाली.

घाईत राहून गेलं, असं मी पुटपुटले. वकिलाने नवी प्रत आणून दिली, तेव्हा मी लिहून देते म्हणून हात पुढे केला.

"राहू दे. मले लिहिता येते."

छाननीत तिचा अर्ज मंजूर झाला आणि माझ्या कागदाला किंमत उरली नाही. ती बिनविरोध निवडून आली. सभागृह चालू असलं की मी टीव्ही लावते, ती बोलायला उठली की अजूनही पोटात दुखतं.

यंदा सदस्य नोंदणी पुन्हा सुरू झाली. अधिवेशन संपल्यावर ती चार दिवस गावात होती, तांड्यांवर फिरली, आणि तिचा अर्जांचा गठ्ठा कार्यालयात आला. मी सवयीने मतदार यादी काढली, पेन घेतलं आणि गठ्ठा सोडला. एकही रकाना कोरा नव्हता.