चाकांवरची माती

ट्रॅक्टर दुरुस्तीत केस पांढरे केलेले मिस्त्री आता हौशी संग्राहकांसाठी तळहातावर मावतील असे ट्रॅक्टर बनवत. स्टिअरिंग फिरवलं की चाकंसुद्धा वळायची. एका गिऱ्हाईकाने वडिलांचा जुना ट्रॅक्टर हुबेहूब करून मागितला होता. मॉडेल पोचल्यावर त्याचा फोन आला.

"फक्कड झालंय, काका. चाकांना तेवढी घाण होती, ती मी टूथब्रशने घासून काढली."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घाण? अहो, तुम्ही विकलेल्या शेतात गोदामाचं काम सुरू व्हायच्या आत जाऊन माती आणली मी. फडक्यातून चाळली, सुईने खाचाखाचांत बसवली. कुठंय ती?"

"बेसिनमध्ये गेली," तो चाचरला. "पुन्हा लावून द्याल?"

"कुठून आणू? तुमच्या वडिलांच्या शेतात आता फरशी आहे."